मामाच्या फॉन्टमधल्या ओव्या

माझा मामा फलटणला शुक्रवार पेठेत डीटीपीचं दुकान चालवायचा. 1990 नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत तालुक्याच्या गावात मराठीत जे काही छापून निघायचं, ते अशाच एखाद्या अरुंद गाळ्यातून निघायचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दशक्रियेची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांचे चाचणीचे पेपर, माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला अन्नदानाची पत्रकं, मार्गशीर्षात रामाच्या रथाची पत्रिका. छापखाना वेगळा असायचा, पण तिथे जाण्याआधी अक्षरं जुळायची ती मामाच्या पडद्यावर. मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तरी बाजारात आई भेटली की जुनी माणसं अजून म्हणतात, "तुमचा भाऊ होता तवर कॉम्प्युटरचं टेन्शन नव्हतं बघा."

ते टेन्शन काय होतं, हे आज सांगितल्याशिवाय कळायचं नाही. 2005 नंतरची काही वर्षं फलटण तालुक्यात लोडशेडिंगचं वेळापत्रक घराघरांत भिंतीला चिकटवलेलं असे, आणि वीज ते वेळापत्रक पाळत नसे. यूपीएसची 12 व्होल्टची बॅटरी नवी असताना दहा-पंधरा मिनिटं तग धरायची. जुना डबडा मॉनिटर तिचं बळ आधी खाऊन टाकायचा. दोन-तीन उन्हाळ्यांत ती फुगायची. मग वीज गेल्यावर यूपीएस दोनदा पिंपिं करून गप्प व्हायचा, आणि अर्धा अहवाल अंधारात जायचा. मामा म्हणून दर ओळीनंतर 'कंट्रोल-एस' दाबायचा. ती सवय हातात इतकी भिनली होती की जेवताना, कुणाशी बोलताना, देवळात बसल्यावरही त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मांडीवर एकदम दाब द्यायची. एखादं वाक्य मनासारखं बोलून झालं की ती दोन बोटं हलायची. मला मामा आठवतो तो आधी त्या बोटांनी.

मशीन चालूच न होणं ही रोजची गोष्ट होती. पडदा काळा आणि आतून लांबलचक शिट्टी आली की मामा डबा आडवा करायचा, रॅमची पट्टी काढायचा आणि तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतल्या मुलांचं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा. फलटणच्या कोरड्या हवेत धूळ फार. ती त्या संपर्कांवर बसते आणि मशीनला आपली स्मृती सापडत नाही. पट्टी पुन्हा बसवली की नव्वद टक्के वेळा यंत्र उठायचं. उरलेल्या दहा टक्क्यांत तो मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांच्या डोक्यावरून बोट फिरवायचा. त्या काळातल्या बोर्डांवर खराब कपॅसिटर जगभर गेले होते. त्यांचं सपाट डोकं फुगून वर यायचं, कधी तपकिरी द्रव बाहेर यायचा. मामा ते काढून नवे डाखायचा. डाखताना श्वास रोखायचा.

आणि घड्याळाचा सेल. मदरबोर्डवर रुपयाएवढा सीआर 2032 असतो. तो संपला की मशीन बंद झाल्यावर तारीख विसरतं. मामाचं मशीन प्रत्येक वेळी 1 जानेवारी 2002 ला जाऊन बसायचं. सेल स्वस्त होता, पण फलटणात दर वेळी मिळायचाच असं नाही, आणि हंगामात मशीन उघडून बसायला फुरसत नसे. त्यामुळे महिनोन् महिने तिथल्या सगळ्या फाइलींवर तीच तारीख पडायची. त्या तारखेने पुढे आम्हाला फार छळलं.

ही सगळी दुखणी मामा एका लांबोड्या वहीत लिहून ठेवायचा. कुणाचं मशीन, काय बिघडलं, काय बदललं. एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर, म्हणजे 2001 नंतर, गावात संगणक भराभर आले. सरकारी नोकरीत ती परीक्षा लागू लागली आणि शाळामास्तरांपासून तलाठ्यांपर्यंत सगळे माऊस धरायला शिकू लागले. त्यांच्या घरी पेनड्राइव्हवरून व्हायरस यायचे, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसायचे, मुलाच्या बारशाचे फोटो गेले म्हणून एखादी बाई दुकानाच्या पायरीवर डोळे पुसत उभी राहायची. "गेलं न्हाय ताई, लपवलंय नुसतं," मामा म्हणायचा, आणि लपवलेल्या फाइली पुन्हा दिसत्या करायचा. दुसऱ्याच्या घाबरण्याला तो कधी हसला नाही. गेलेलं परत मिळू शकतं, यावर त्याचा पक्का विश्वास होता.

मराठी फॉन्टचं दुखणं मात्र खोडरबराने जाणारं नव्हतं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांना 256 खणच मिळायचे. देवनागरीला अर्धी अक्षरं लागतात, जोडाक्षरं लागतात, वेलांट्या आणि उकार वेगवेगळ्या उंचीचे लागतात. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्या प्रत्येकाने रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खणांत आपापल्या मर्जीने मराठीचे तुकडे बसवले. एकाने अर्धा ग जिथे ठेवला, तिथे दुसऱ्याने रफार ठेवला. पूर्ण ग मिळायचा तो अर्धा ग आणि काना जोडून. पडद्यावर मराठी दिसायची; यंत्राच्या पोटात मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असायची. तो फॉन्ट नसेल तर तीच भेळ डोळ्यांपुढे यायची: डोक्यावर ठिपके असलेले ओ, पौंडाची खूण, अर्धवट कंस.

याला उपाय नव्हता असं नाही. पुण्यात 1988 मध्ये सीडॅक ही संगणक संशोधन संस्था सुरू झाली, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण 1991 मध्ये ठरलं, आणि युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे खण मिळाले. विंडोज 2000 पासून ते साध्या संगणकातही आले. पण छपाईच्या धंद्यात पेजमेकर चालायचं, आणि त्याला युनिकोड देवनागरी उमगत नव्हती. त्याची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची. त्यामुळे महाराष्ट्रभरचे डीटीपीवाले आपापल्या फॉन्टच्या पॅकेजला धरून राहिले. मामाचं पॅकेज चालायला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी एक छोटं कुलूप खोचावं लागायचं. ते नसेल तर पॅकेज उघडत नसे.

माझी आजी, म्हणजे मामाची आई, जात्यावर ओव्या गायची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, रामाच्या रथाला दोर लावलेली, माहेरच्या वाटेवरचं प्रत्येक झाड नावानिशी ओळखणारी बाई. घरात गिरणीचं पीठ यायला लागून जमाना झाला होता, तरी पुरणाची डाळ आणि मेतकूट ती जात्यावरच काढायची. मामाने तिच्या ओव्या आधी वहीत उतरवल्या. ती वही वाळवीने खाल्ली. मग त्याने संगणकच घरी आणला, माजघरात जात्याशेजारी स्टुलावर मांडला, आणि आजी दळत असताना तो टाइप करत गेला. "हळू गाऊ का रं? तुझं यंत्र दमंल," आजी म्हणायची. त्या दुपारी मी तिथे होते. आजीच्या हातात खुंटा, मामाची बोटं कळांवर, आणि दोघांच्या मध्ये पिठाची धूळ. ती धूळ संगणकात जाऊ नये म्हणून मामाने डब्यावर ओलं फडकं टाकलं होतं.

ओवी नुसती शब्दांत उतरत नाही, हे मामाच्या लगेच ध्यानात आलं. आजी कुठे स्वर लांबवायची, कुठे मधेच थांबून जात्यात वैरण टाकायची, कुठे एका ओळीचा शेवट दुसऱ्या ओळीच्या अंगावर घालायची. फॉन्टमध्ये याला खुणा नव्हत्या. तेव्हा मामाने फॉन्टच उघडला आणि न वापरलेल्या खणांत स्वतःच्या खुणा काढल्या. एक तिरकी रेघ, एक अर्धवर्तुळ, एक पोकळ ठिपका. त्याचबरोबर त्या फॉन्टमध्ये नीट नसलेला, 'वाऱ्यावर'मधला आखूड र त्याने स्वतः काढून घातला. तो फॉन्ट जगात फक्त त्या एका मशीनवर होता.

आजी आधी गेली. मामा तिच्यानंतर काही वर्षांनी गेला, अगदी अचानक. सप्टेंबरात पतसंस्थांच्या वार्षिक सभा उरकतात, अहवालांचा हंगाम संपतो. तो हंगाम त्याने पुरा केला आणि ऑक्टोबरात रात्री झोपेत गेला. दुकानाचा पसारा मामींनी आमच्या माळ्यावर आणून ठेवला. मॉनिटर, दोन डबे, वायरींचा भारा, सीडींची चवड, आणि ती लांबोडी वही.

आईचा साठावा वाढदिवस आला तेव्हा तिने एकच मागितलं. आजीच्या ओव्या छापून हव्यात, घरच्यांपुरत्या का होईना. मी डबा खाली उतरवला. तो चालू झाला नाही. कपॅसिटर फुगलेले होते. हार्ड डिस्क काढली. जुनी, रुंद चपट्या केबलची. आताच्या मशीनला ती केबल बसत नाही, तेव्हा मधे एक जोडणी घ्यावी लागली. डिस्क फिरायला लागली तेव्हा टकटक आवाज येतोय का हे ऐकत मी कान लावून बसले. टकटक म्हणजे आतलं हेड आपटतंय, मग काही खरं नाही. टकटक आली नाही. फोल्डर दिसलं. 'आईच्या ओव्या' असं नाव, आणि आत फाइली. सगळ्यांवर तारीख 1 जानेवारी 2002. आजीने त्या कोणत्या साली, कोणत्या महिन्यात गायल्या, हे आता कुठूनच कळणार नाही. त्या मरगळलेल्या सेलने ती तारीख खाऊन टाकली आहे.

कुलूप हरवलेलं, म्हणून पॅकेज उघडेना. फाइली साध्या मजकुरासारख्या उघडल्या तर ठिपक्यांचे ओ आणि पौंडाच्या खुणा. मामाचा फॉन्ट डिस्कवरच सापडला. तो बसवला आणि पडद्यावर आजीची ओळ उभी राहिली. आई बाजूला होती. तिने तोंडाला पदर लावला.

पण पडद्यावर दिसणं वेगळं आणि मजकूर हाती येणं वेगळं. छापायला, शोधायला, नातवंडांच्या फोनवर पाठवायला तो युनिकोडमध्ये हवा. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, ती त्या पॅकेजच्या मूळ फॉन्टला ओळखतात, मामाच्या फॉन्टला नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफार नेमका उलट. रूपांतरात वेलांटी आणि रफार दोन्ही पुष्कळदा चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतात. मामाने काढलेल्या आखूड र च्या जागी चौकोन आले. तिरकी रेघ, अर्धवर्तुळ, पोकळ ठिपका, सगळ्यांचे चौकोन. ओळीओळीने हाताने दुरुस्त करत बसण्याला पर्याय नव्हता.

त्या दिवसांत मला फलटणचीच एक जुनी गोष्ट सारखी आठवायची. फलटण ही महानुभावांची दक्षिण काशी. पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी, म्हणजे चांगदेव राऊळ, इथले. महानुभावांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या केल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर ठेवलेलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांसारख्या अभ्यासकांना त्याची किल्ली उमगली आणि प्राचीन मराठीचा एक अख्खा खजिना सगळ्यांना खुला झाला. तोवर शतकानुशतकं तो शाबूत राहिला, कारण मठामठांत ती लिपी वाचणारी माणसं होती आणि ती हाताने प्रती करत होती. आणि महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धाडीत गेली तेव्हा ते अनुयायांनी आठवणीतून पुन्हा उभं केलं. त्याचे जे वेगवेगळे पाठ आहेत त्यांत हिराइसेचा पाठ म्हणून एक ओळखला जातो. पोथी गेली तरी एका बाईच्या स्मरणात ती होती.

आमच्या घरी ते काम आईने केलं. मी ओळ वाचायची, मामाच्या खुणेशी थांबायची, आणि आई डोळे मिटून हात गोल फिरवायची. हात फिरला की अर्थ यायचा. बसून नुसता विचार करून येत नसे. तिरक्या रेघेचा उलगडा असाच झाला. आई गाता गाता थबकली, उजवा हात सोडून डावा पुढे केला, आणि म्हणाली, "इथं आई हात बदलायची." आम्ही पुढच्या ओव्या तपासल्या. जिथे जिथे तिरकी रेघ, तिथे तिथे खुंट्यावरचा हात बदलतो. मामाने आपल्या आईचे दमलेले हात टाइप करून ठेवले होते. अर्धवर्तुळ म्हणजे लांबवलेला स्वर, हेही आईने ओळखलं. पोकळ ठिपक्याचा अर्थ मात्र तिलाही लागला नाही. तो ओळीच्या शेवटी येतो, कधी मधे, कधी दोन एकापाठोपाठ. वैरण म्हणावी तर तितक्या वेळा कुणी वैरण टाकत नाही. मामाची लांबोडी वही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. गावातल्या प्रत्येक मशीनची नोंद तिच्यात आहे. त्या ठिपक्याची नाही. ती नोंद करायची गरज त्याला वाटली नसणार, कारण ज्याला तो अर्थ माहीत होता तो रोज त्या मशीनपुढे बसत होता.

काही ओळी आईलाही येत नाहीत. त्या आजीने मामापुढेच गायल्या असाव्यात, आई सासरी आल्यानंतर. त्यांतल्या न उलगडलेल्या खुणा आम्ही छापताना तशाच ठेवल्या. अंदाजाने अर्थ भरला असता तर ओवी पुरी दिसली असती, पण ती आजीची राहिली नसती.

मला या कामात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांचा फार आधार वाटला. ओळख नव्हती, पण त्यांचं काम समोर होतं. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय साठा उभा केला, आणि राईरकर आणि पॉइट्व्हाँ गेल्यानंतरही तो ठेवा पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. हे आपोआप झालेलं नाही. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर, एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत कुणी ना कुणी तो न्यावा लागला. हस्तलिखिताची प्रत करणारा लेखकू आणि फाइल रूपांतरित करणारा आजचा माणूस यांचं काम एकच आहे.

संगणकाच्या कटकटींना आपण फार क्षुल्लक समजतो. यूपीएस पिंपिं करतो, फॉन्ट मिळत नाही, फाइल उघडत नाही. वैतागून नवं मशीन घेतो आणि जुनं भंगारात देतो. 1990 ते 2010 या काळात फलटण, लोणंद, वाई, विटा, तासगाव अशा गावांत जे मराठी लिहिलं गेलं त्यातलं किती अशा डब्यांत पडून आहे. स्थानिक दिवाळी अंक, शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावांचे इतिहास, आजोबांनी सांगून लिहून घेतलेल्या आठवणी. ते नष्ट झालेलं नाही. ते फक्त त्याच फॉन्टमध्ये, त्याच कुलपाआड, त्याच माणसाच्या भरवशावर आहे. आणि ती माणसं आता साठी-सत्तरीला आली आहेत.

म्हणून ज्यांच्या घरी असा डबा असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. भंगारवाल्याला देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घ्या. नुसती फाइल उचलू नका, तिचा फॉन्टही शोधून सोबत ठेवा. मजकुराची एक छापील प्रत काढा. कागदाला कुठलं कुलूप लागत नाही. ते पान ज्याने टाइप केलं तो माणूस गावात असेल तर आधी त्याच्याकडे जा, पान समोर धरा आणि प्रत्येक खुणेचा अर्थ विचारून शेजारी लिहून ठेवा. ते ओझं वाटणार नाही त्याला. आपल्या कामाबद्दल कुणी इतकं बारकाईने विचारावं, असं त्याला कितीतरी वर्षांपासून वाटत असेल. माझ्या मामाला तर नक्की वाटलं असतं.